भिंगावर नाव कोणाचं? ओसाकाच्या एका प्लेट कॅमेऱ्याचं प्रकरण

जुन्या घडीच्या कॅमेऱ्यावर नावं तीन ठिकाणी सापडतात. एक चामड्यात दाबून उठवलेलं असतं, ते कॅमेऱ्याचं. दुसरं शटरच्या तोंडावर. तिसरं भिंगाभोवतीच्या कडीवर, इतकं बारीक की ते वाचायला मला हल्ली चष्म्यापुढे आणखी एक भिंग धरावं लागतं. कॅमेरा कोणता, असं कोणी विचारलं की आपण पहिलं नाव सांगतो. गिऱ्हाइकाने मोजलेले पैसे कोणाच्या खिशात गेले, हे मात्र उरलेल्या दोन नावांवरून कळतं.

ओसाकाच्या एका नव्या कंपनीने १९३० साली ‘निफ्काक्लाप’ नावाचा प्लेट कॅमेरा बाजारात आणला. त्याच्यावरचं पहिलं नाव कंपनीचं होतं, बाकीची दोन जर्मन. पुढच्या दहा वर्षांत ती दोन नावं एकेक करून बदलत गेली. ती कशी बदलली, त्यात अक्कल किती होती आणि वाऱ्याची दिशा किती, हे या प्रकरणात बघायचं आहे. कंपनीचं नंतरचं नाव सगळ्यांना माहीत आहे: मिनोल्टा. पण तोवर फार पुढे जायचं नाही. मला रस आहे तो १९२८ ते १९३७ या काळात, जेव्हा ही मंडळी लाकूड, पत्रा, चामडं आणि उसन्या भिंगांच्या जिवावर धंदा करत होती.

आधी वस्तू हातात घेऊ

पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेला एक जर्मन प्लेट कॅमेरा माझ्याकडे आहे. माप ६.५ × ९ सेंटिमीटर. निफ्काक्लाप याच मापाचा आणि याच जातीचा. बंद असताना जाडजूड डायरीसारखा दिसतो. कडेची कळ दाबली की पुढचं झाकण खाली पडतं आणि काटकोनात अडकतं. तोच कॅमेऱ्याचा पाट. त्या पाटावर दोन रूळ आहेत. भिंग आणि शटर ज्या चौकटीवर बसवलेलं असतं तिचे दोन कान चिमटीत धरून ती रुळांवरून पुढे ओढायची, की मागे भाता उलगडत येतो. हा भाता म्हणजे चामड्याचा किंवा रंगवलेल्या कापडाचा, आतून काळा. नव्वद वर्षांनी त्याच्या कोपऱ्यांना टाचणीएवढी भोकं पडलेली असतात. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च धरला की नक्षत्रं दिसतात.

मागच्या बाजूला दुधी काच. फोटो काढायचा म्हणजे एवढं सगळं करायचं: शटर उघडं ठेवायचं, दुधी काचेवर उलटं चित्र बघत पाटावरची चकती फिरवून ते स्पष्ट करायचं, शटर बंद करायचं, काच खाचेतून सरकवून बाहेर काढायची, तिच्या जागी प्लेटचा पातळ पत्र्याचा होल्डर सरकवायचा, होल्डरचं पातं वर ओढायचं, शटर ताणायचं, दाबायचं, पातं परत खाली. एवढ्या खटाटोपानंतर एक फोटो. समोरचं मूल तोपर्यंत अंगणातून घरात गेलेलं असतं. प्लेट म्हणजे रसायनाचा थर दिलेली काच. या मापाची एक काच साधारण सतरा-अठरा ग्रॅम भरते, म्हणजे डझनभर काचाच पाव किलोच्या जवळ जातात. होल्डरचं वजन वेगळं.

आता हाच कॅमेरा कारखानदाराच्या नजरेने बघू. पेटी हलक्या धातूची किंवा लाकडाची. तिच्यावर चामडं, आत भाता, पाटावर दातेपट्टी आणि तिच्यात फिरणारं दंतचक्र. हे सगळं चांगल्या कारागिराच्या आवाक्यातलं आहे. होल्डरसाठी मागे खाच पाडायची, ती नेमकी पडली की झालं. भिंग आणि शटर मात्र एकत्र एक तुकडा असतो. तो चौकटीतल्या गोल भोकात घालायचा आणि मागून कडी आवळायची. माझ्या कॅमेऱ्यातून तो काढायला मला पाच मिनिटं लागली. त्या भोकात जर्मन तुकडा बसवा, जपानी बसवा, पेटीला काही फरक पडत नाही.

या प्रकरणाची किल्ली त्या भोकात आहे, असं मला वाटतं. घडीचा प्लेट कॅमेरा ही अशी वस्तू आहे की तिचा सोपा भाग स्वतः करता येतो आणि अवघड भाग विकत आणून लावता येतो. आतली काच बदलणं गिऱ्हाइकाचं काम, तेव्हा फिल्म पुढे सरकवण्याची यंत्रणाही लागत नाही. शिकाऊ देशाला शिकायला याहून सोयीचा कॅमेरा नव्हता.

टोकियोचं जुनं घराणं

ओसाकाकडे जाण्याआधी टोकियोत डोकवायला हवं, कारण तिथे हेच काम दुसऱ्या रीतीने चाललं होतं. सुगिउरा रोकुसाबुरो हा औषधांच्या दुकानात काम करणारा तरुण. १८७३ साली त्याने फोटोग्राफीचं सामान विकायला सुरुवात केली. फोटोग्राफी तेव्हा रसायनांचाच धंदा होता, त्यामुळे औषधवाला त्यात शिरणं यात नवल नाही. पुढे हे दुकान ‘कोनिशी होन्तेन’ म्हणून नावारूपाला आलं. १९०२ साली त्यांनी ‘रोकुओशा’ हा स्वतःचा कारखाना काढला आणि १९०३ साली ‘चेरी’ हा पेटीचा कॅमेरा विकायला काढला. जपानमध्ये नाव घेऊन विकला गेलेला हा पहिला कॅमेरा. अशा कॅमेऱ्याला तेव्हा जपानीत जो शब्द होता त्याचा अर्थ ‘हातात वागवायची काळोखी पेटी’ असा होतो. १९०९ साली ‘लिली’ आला, हा मात्र घडीचा प्लेट कॅमेरा.

लिली हा कोनिशीचा हुकमी एक्का. त्याची रूपं बदलत राहिली, तो वीस वर्षांहून जास्त टिकला. पण त्याच्याही पुढच्या भोकात दीर्घकाळ परदेशी भिंग आणि परदेशी शटर होतं. कोनिशीने घाई केली नाही. १९२३ साली फोटोग्राफी शिकवणारी संस्था काढली, १९२९ साली ‘साकुरा’ फिल्म आणली, आणि १९३१ साली ‘हेक्सार’ हे १०.५ सेंटिमीटर नाभीय अंतराचं, एफ ४.५ छिद्राचं स्वतःचं भिंग लिलीवर चढवलं. लिलीच्या जन्मापासून मोजलं तर बावीस वर्षं. दुकान चालू असेल, कागद आणि रसायनं विकून पैसा येत असेल, तर बावीस वर्षं थांबता येतं.

ओसाकाच्या माणसाकडे यातलं काहीच नव्हतं.

ताशिमांचं ‘जपान-जर्मनी’ दुकान

ताशिमा काझुओ यांचा जन्म १८९९ सालचा, वाकायामा भागातला. घरची व्यापारी पेढी ओसाकात. म्हणजे माणूस व्यापाऱ्याच्या घरातला. भिंग घासणारा नव्हे, शटर जुळवणारा नव्हे. ११ नोव्हेंबर १९२८ रोजी, तिशीच्या उंबऱ्यावर असताना, त्यांनी ‘निचिदोकु शाशिन्की शोतेन’ सुरू केलं. ‘निचि’ म्हणजे जपान, ‘दोकु’ म्हणजे जर्मनी. सरळ मराठीत ‘जपान-जर्मनी कॅमेरा दुकान’. सोबत दोन जर्मन होते: विली हायलमान आणि बिली नॉयमान. कारखाना मुकोगावाला, म्हणजे ओसाका आणि कोबे या दोन शहरांच्या मध्ये.

नावाकडे जरा थांबून बघा. आपल्याकडे हॉटेलच्या पाटीवर ‘उडुपी’ लिहिलं की आतल्या इडलीबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही, तशातला हा प्रकार. १९२८ च्या जपानमध्ये कॅमेरा म्हटला की जर्मनीच. दुकानाच्या पाटीवर जर्मनी, कारखान्यात दोन जर्मन माणसं, कॅमेऱ्यावर जर्मन भिंग. गिऱ्हाइकाला आणखी काय हवं? मला हे लबाडीचं वाटत नाही. पाटीवर जे लिहिलं होतं ते आत खरोखर होतं.

पहिला कॅमेरा १९२९ साली आला, ‘निफ्कालेट’. हा प्लेटचा नव्हता. रोल फिल्मवर ४ × ६.५ सेंटिमीटरचे फोटो काढणारा छोटा घडीचा कॅमेरा होता. त्यानंतर १९३० साली ‘निफ्काक्लाप’ आणि ‘निफ्कास्पोर्ट’, हे दोन्ही ६.५ × ९ चे प्लेट कॅमेरे. ‘क्लाप’ हा जर्मन शब्द, अर्थ घडीचा. ‘निफ्का’ हे निप्पोन, फोटो आणि कॅमेरा यांची अक्षरं जुळवून केलेलं. अर्धं नाव इथलं, अर्धं तिथलं, कॅमेऱ्यासारखंच.

उलटी चाल का?

इथे एक कोडं पडतं. सुरुवात फिल्मने केली आणि वर्षभराने काचेकडे गेले, हे उलटं नाही का? जगभर हौशी माणूस काचेकडून फिल्मकडे चालला होता.

मला यामागे तीन कारणं दिसतात आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिलं मापाचं. ६.५ × ९ या युरोपीय मापाला जपानी फोटोवाले ‘दाइ-मेइशी’ म्हणत. मेइशी म्हणजे व्हिजिटिंग कार्ड, दाइ म्हणजे मोठं. त्याहून मोठं एक माप ‘तेफुदा’, हातात मावणारं कार्ड. नावंच सांगतात की हे मोजमाप निगेटिव्हचं नसून हातात येणाऱ्या फोटोचं आहे. काचेची निगेटिव्ह कागदावर ठेवायची, चौकटीत दाबायची, उजेड दाखवायचा. निगेटिव्ह जेवढी तेवढाच फोटो. निगेटिव्हवरून मोठा फोटो काढणारा एन्लार्जर नको, त्याचा खर्च नको, रात्री घरातली एखादी अंधारी जागा पुरे. निफ्कालेटच्या ४ × ६.५ च्या निगेटिव्हचा तसाच फोटो काढला तर तो आगपेटीपेक्षा जरासाच मोठा. नातेवाइकांना पाठवायला तो कमीच पडणार.

दुसरं कारण काच स्वतः. सुटा एकच फोटो काढून लगेच धुता येतो. रोलमधले आठ फोटो संपायची वाट बघायला नको. हौशी मंडळी तेव्हा स्वतःच धूत, स्वतःच छापत. काचा बऱ्याचशा अशा होत्या की तांबडा रंग त्यांना दिसतच नसे, त्यामुळे तांबड्या दिव्याखाली डोळ्यांसमोर चित्र उमटताना बघता येई. (त्याची किंमत म्हणजे लाल ओठ काळे आणि निळं आकाश पांढरंफट्ट.) ज्याने एकदा ते बघितलं आहे त्याला त्या ट्रेसमोरचं थरथरणं आठवत असेल. मी ते फिल्मवर आणि पिवळ्या-तांबड्या दिव्याखाली कागदावर केलं आहे, काचेवर मोजून चार वेळा. चारपैकी एक काच नळाखाली हातातून सुटली.

तिसरं कारण कारखान्याचं, आणि मला तेच सगळ्यात वजनदार वाटतं. प्लेट कॅमेऱ्याची पेटी हे आधी सांगितलं तसं सुटं, सरळ काम. एकच पेटी करा, तिच्यावर महाग भिंग लावून महाग विका, साधं भिंग लावून स्वस्त विका. नव्या कारखान्यात मालाचे प्रकार वाढवायचे आणि अवजारं वाढवायची नाहीत, तर याहून बरा रस्ता नाही.

शटर म्हणजे घड्याळ

पेटी जमली. मग अवघड काय होतं?

भिंगाबद्दल लोकांना आदर असतो, शटरबद्दल नसतो. खरं तर शटरने जास्त रडवलं. म्युनिकच्या फ्रिडरिख डेकेलच्या कारखान्यात आधी ‘कॉम्पाउंड’ नावाचं शटर निघत असे. त्यात सावकाशीच्या वेळा हवेच्या नळकांडीने मोजल्या जात, दट्ट्या हळूहळू खाली येई. हवामान बदललं की हिशेब बदले. मग १९१० नंतर ‘कॉम्पूर’ आलं, त्यात हवेच्या जागी घड्याळासारखी दंतचक्रांची साखळी. नावातला ‘ऊर’ हा जर्मनमधला घड्याळाचा शब्द. एका सेकंदापासून एका सेकंदाच्या दोनशेव्या-अडीचशेव्या भागापर्यंत वेळ देणारं, तळहातात मावणारं ते घड्याळ, आणि मध्ये भोक पाडलेलं, म्हणजे सगळी चक्रं कडेकडेने फिरवायची. पत्रा वाकवणाऱ्या कारागिराकडून हे होत नाही. त्यासाठी बारीक दाते कापणारी यंत्रं हवीत, स्प्रिंगचं पोलाद हवं आणि रोज तेच काम करणारे हात हवेत.

तेव्हा शटर आणायचं जर्मनीहून. आणि आणायचं म्हणजे मार्क, म्हणजे जर्मन चलन, मोजायचे. इथून गोष्ट कारखान्याबाहेर जाते.

जानेवारी १९३० मध्ये जपान सरकारने येन पुन्हा सोन्याशी जोडला, तोही जुन्या चढ्या दराने. १०० येनला ४९.८५ डॉलर. निर्यातीची माती झाली, मंदी आली, जपानमध्ये तिला आजही शोवा काळाची महामंदी म्हणतात. कॅमेरा करणाऱ्याला या चढ्या येनचा फायदा एक आणि तोटा एक. फायदा असा की जर्मन शटर स्वस्त पडतं. तोटा असा की आख्खा जर्मन कॅमेराही स्वस्त पडतो. ज्याचा अर्धा कॅमेरा जर्मन आहे त्याने पूर्ण जर्मन कॅमेऱ्याशी स्पर्धा कशी करायची? निफ्काक्लाप आणि निफ्कास्पोर्ट नेमके या कचाट्यात जन्मले.

डिसेंबर १९३१ मध्ये नवं सरकार आलं. अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांनी येन सोन्यापासून सोडवला. वर्षभरात १०० येनचे जेमतेम २० डॉलर मिळू लागले. हिशेब करून बघा. मार्काचा अधिकृत दर तेव्हा डॉलरला साधारण ४.२ होता. म्हणजे आधी एका मार्काला ४८ सेन (शंभर सेनचा एक येन) पडत, आता जवळजवळ १ येन १९ सेन. समजा एखादं शटर २० मार्कांचं आहे. ते साडेनऊ येनवरून पावणेचोवीस येनवर गेलं, आणि यात जर्मन कारखान्याने एक पैसाही वाढवलेला नाही.

परदेशी कॅमेऱ्याची किंमत अशी चढली तेव्हा देशी कॅमेऱ्याला बाजार मोकळा झाला खरा. पण मोकळा कोणाला? ज्याच्या पुढच्या भोकात देशी माल आहे त्याला.

जर्मन गेले, पण गेले कुठे

या उलथापालथीच्या ऐन मध्यात, १९३१ साली, कंपनीची नव्याने मांडणी झाली. ‘जपान-जर्मनी’ ही पाटी उतरली, ‘मोल्टा’ ही पाटी चढली. मोल्टा म्हणजे यंत्रणा, प्रकाशविज्ञान आणि भिंगं, ‘ताशिमाकडून’, यांची जर्मन आद्याक्षरं. जर्मनी नावातून गेली आणि अक्षरांत राहिली. हायलमान आणि नॉयमान यांचीही वाट याच सुमारास वेगळी झाली.

साधारणपणे अशा ठिकाणी गोष्ट सांगणारे म्हणतात, गुरूने विद्या दिली आणि शिष्य स्वतःच्या पायावर उभा राहिला. मला ती मांडणी पटत नाही, कारण गुरू घरी गेलेच नाहीत. ते जपानमध्येच राहिले आणि त्यांनी ‘नॉयमान आणि हायलमान’ या नावाने शटर करायचा धंदा उघडला. ‘पर्फेक्ट’, ‘रुलेक्स’ अशा नावांची त्यांची शटरं १९३० च्या दशकात वेगवेगळ्या जपानी कारखान्यांच्या कॅमेऱ्यांवर दिसू लागली.

म्हणजे काय झालं बघा. ताशिमांनी ज्ञान एका कंपनीत आणलं होतं, ते दोघे फुटून निघाल्यावर ते सगळ्या बाजारात पसरलं. ताशिमांच्या वहीत हा तोटा लिहिला गेला असेल. पण अख्ख्या जपानी कॅमेरा-धंद्याच्या वहीत पाहिलं तर त्या दोघांनी मुकोगावात बसून केलं असतं त्यापेक्षा बाहेर पडून जास्त केलं. येन पडलेला, कॉम्पूर महाग, आणि बाजारात देशात तयार झालेलं शटर. याहून चांगला मुहूर्त त्यांना पंचांगातही सापडला नसता.

मोल्टाची जुळवाजुळव

मोल्टा नावाखाली लगेच ‘आर्काडिया’ आणि ‘हॅपी’ हे प्लेट कॅमेरे आले. दोन्ही दाइ-मेइशी मापाचे. माल विकण्याची बाजू असानुमा शोकाईने सांभाळली. हे टोकियोतलं १८७१ सालचं घराणं, कोनिशीहून दोन वर्षांनी जुनं आणि त्यांचं पिढीजात प्रतिस्पर्धी. कोनिशीकडे स्वतःचा कारखाना होता आणि लिली होता. असानुमाला त्याच्यासमोर उभं करायला कोणाचा तरी कॅमेरा हवा होता, आणि ओसाकाच्या व्यापाऱ्याच्या मुलाला टोकियोचं दुकान. या प्रकरणात प्रेमविवाह एकही नाही.

भिंगाची सोय आणखी मजेशीर. टोकियोत काजिवारा कुमाओ यांनी १९१९ साली चष्म्याच्या काचा करणारा एक छोटा कारखाना काढला होता, आसाही कोगाकु. चष्म्याच्या काचेवरून ते सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या भिंगांकडे वळले आणि मग कॅमेऱ्याच्या. मोल्टाच्या कॅमेऱ्यांवर ‘कोरोनार’ नावाचं जे भिंग दिसतं ते या आसाहीत घासलेलं. भिंगाच्या कडीवरचं नाव जपानी कारखान्यातून आलेलं, पण अजून ताशिमांच्या कारखान्यातून नव्हे. हीच आसाही पुढे पेंटॅक्स झाली आणि मिनोल्टाच्या समोर उभी ठाकली. शटरसाठी ‘क्राउन’ हे घरचं नाव आलं.

जपानी कॅमेऱ्याच्या इतिहासात अशा उसनवाऱ्या जागोजागी आहेत. कॅननचा पहिला विकाऊ कॅमेरा १९३६ चा, त्याचं भिंग निप्पोन कोगाकुचं, म्हणजे आजच्या भाषेत निकॉनचं. आज दोन्हीकडचे भक्त एकमेकांशी ज्या त्वेषाने भांडतात ते पाहिलं की हे हळूच सांगावंसं वाटतं.

पिकलेलं शेत आणि फ्रँकफर्टची कैची

१९३३ साली ‘मिनोल्टा’ हे नाव पहिल्यांदा एका कॅमेऱ्यावर आलं. अक्षरं पुन्हा जर्मन पद्धतीचीच, मोल्टामध्ये ‘उपकरणं’ या शब्दाची भर. पण जपानी कानाला त्यात ‘मिनोरु ता’ ऐकू येतं: पिकलेलं भाताचं शेत. ताशिमा या आडनावातलं पहिलं अक्षरही ‘शेत’च. भाताची लोंबी भरते तशी वाकते, अशी जपानीत म्हण आहे. कोकणातल्या माणसाला ती कोणी समजावून सांगायला नको. जर्मन ऐकणाऱ्याला जर्मन, जपानी ऐकणाऱ्याला जपानी. ‘जपान-जर्मनी’ पाटीपेक्षा हे नाव शंभर पटींनी हुशार आहे.

कॅमेरा मात्र सरळसरळ नक्कल होता. फ्रँकफर्टच्या प्लाउबेल कारखान्याचा ‘माकिना’ प्रसिद्ध होता. त्यात खाली पडणारा पाट नाही. दोन बाजूंना कैचीसारख्या पट्ट्या, चिमट्यासारखं आवरून बंद होतं, ओढलं की भिंगाची चौकट ताठ पुढे येते. ६.५ × ९ च्या मिनोल्टाने ही कैची उचलली. माकिनाच्या नव्या आवृत्तीत अंतर मोजण्याची यंत्रणा भिंगाशी जोडलेली होती. मग तशीच यंत्रणा असलेला ‘ऑटो मिनोल्टा’ही आला.

नक्कल म्हणून याला नाकं मुरडणारे संग्राहक मला भेटतात. मी माकिना आणि तिची नक्कल दोन्ही शेजारी ठेवून बघितलेली नाहीत, पण कैचीचा कॅमेरा दुरुस्त करताना एका मित्राला बघितलं आहे. चारही पट्ट्यांच्या रिव्हेटा सारख्याच घट्ट असाव्या लागतात. एकीत केसभर ढिलाई आली की भिंगाची चौकट तिरकी होते आणि फोटोची डावी बाजू स्पष्ट, उजवी धूसर. मित्राने दोन रविवार त्यात घालवले. म्हणजे आकार उचलणं सोपं आहे, तो आकार शंभर वेळा तसाच पाडणं हे नकलेने येत नाही. खाली पडणाऱ्या पाटाच्या निफ्काक्लापपासून कैचीपर्यंत येताना या कारखान्याने जे कमावलं ते त्या रिव्हेटांत आहे.

तोवर काचेचे दिवस भरत आले होते. १९३४ साली मोल्टाने दोन कॅमेरे काढले, ‘सेमी मिनोल्टा’ आणि ‘मिनोल्टा व्हेस्ट’, दोन्ही रोल फिल्मचे. व्हेस्टमध्ये तर भाताच नाही, बेकलाइटच्या एकात एक सरकणाऱ्या चौकटी आहेत. त्याच वर्षी जानेवारीत फुजी फिल्म स्थापन झाली. देशी फिल्म मुबलक होऊ लागली तेव्हा काच सांभाळत हिंडायचं कारण उरलं नाही. आपल्या हौशी मंडळींचंही पुढे हेच झालं. स्टुडिओवाल्यांनी काच बरीच वर्षं सोडली नाही ती गोष्ट वेगळी.

सप्टेंबर १९३७ मध्ये कंपनी ‘चियोदा कोगाकु सेइको’ झाली. चीनशी युद्ध जुलैतच पेटलं होतं, आणि त्याच सप्टेंबरात परदेशी मालाच्या आयातीवर सरकारचा अंकुश आला. म्हणजे आता मार्क मोजायची तयारी असली तरी कॉम्पूर सहजी मिळणार नव्हतं. ज्यांनी मधल्या पाच-सहा वर्षांत ते भोक देशी मालाने भरायची सोय केली होती त्यांचं निभावलं. ताशिमांनी त्याच वर्षी ओसाकाजवळ साकाईला भिंगांच्या कामासाठी नवा कारखाना काढला.

तिथून पुढे काही वर्षांत घरचं भिंग आलं. पहिला मान हौशी माणसाच्या कॅमेऱ्याला मिळाला नाही. १९४० च्या सुमाराला विमानातून फोटो काढायच्या लष्करी कॅमेऱ्यासाठी ते घडवलं. नाभीय अंतर २० सेंटिमीटर, छिद्र एफ ४.५. भिंगाच्या कडीवर कोणतं नाव कोरायचं हा प्रश्न आता ताशिमांच्या हातात होता. या वेळी जर्मन आद्याक्षरं जुळवली नाहीत. मुकोगावाच्या पश्चिमेला रोक्को नावाचा डोंगर आहे, उंची ९३१ मीटर. कारखान्यातून तो दिसे. भिंगाचं नाव ठेवलं ‘रोक्कोर’.